पडद्याएवढी सावली

शपथ घेऊन सांगतो, ही गोष्ट अगदी खरी आहे. मी स्वतः पुढच्या रांगेत बसून पाहिली. म्हणजे तेव्हा मी जन्मलो नव्हतो, आणि पुढच्या रांगेत राजाचे मेहुणे बसत, तिथं मला कोण बसू देणार? पण गोष्ट खरी आहे.

फार वर्षं झाली. इतकी, की आजचे डोंगर तेव्हा गुडघ्याएवढे होते. त्या काळी एका राज्यात सावल्यांचा खेळ चाले. जाड घोंगड्यांचा काळोखा मांडव, मधोमध ताणलेला पांढरा पडदा आणि त्याच्यामागं परातीएवढा दिवा. नट-नट्या दिवा आणि पडदा यांच्या मध्ये उभ्या राहत. अलीकडं बसलेली माणसं त्यांच्या सावल्या पाहून हसत, रडत आणि घरी जाऊन एकमेकांशी जरा बरं वागत.

खेळाचे नेम दोनच. पहिला म्हणजे पडद्याला लागून पिठाची रेघ ओढलेली असे, तिच्यावरच उभं राहायचं. तिथं सावली माणसाएवढीच पडते, पण अशी रेखीव की पापणीसुद्धा दिसावी. दुसरा नेम, खेळ संपला की तोंडावर पदर घेऊन मागच्या वाटेनं निघून जायचं. सावलीचा चेहरा लोकांनी पाहायचा नाही.

या खेळात सुंद्री नावाची पोर आली. कासाराची मुलगी, बांगड्यांच्या किणकिणाटात वाढलेली. पहिल्याच दिवशी ती रेघेवर उभी राहिली, मान किंचित वळवली आणि गालावर आलेली बट दोन बोटांनी कानामागं सारली. एवढंच. मांडवात कुणाला खोकायचंही सुचेना.

दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बायका तशीच बट सारू लागल्या. ज्यांना बट नव्हती त्यांनी कातरून काढली. राजाची हत्तीणसुद्धा सोंडेनं कान मागं सारायची, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच.

सुंद्री बाजारात जाई तेव्हा मोठी गंमत होई. गिरजा माळीण भाजी विके आणि भाजीपेक्षा गप्पा जास्त देई.

"काल गेली होतीस का गं खेळाला?" गिरजा विचारी.

"नाही बाई," सुंद्री साळसूदपणे म्हणे. "काय असतं एवढं त्यात?"

"काय असतं? अगं, सुंद्री असते! पण तुला काय कळणार म्हणा. तुझी मान बघ, पोत्यावर दोडका ठेवावा तशी."

सुंद्री पदरात तोंड लपवून हसत हसत घरी येई. तेव्हा तिला त्याचं हसू येत होतं, हे लक्षात ठेवा.

वर्षं गेली. मांडव मोठा झाला, गर्दी वाढली. मागच्या रांगांमधून ओरडा होऊ लागला, "दिसत नाही! मोठी करा, मोठी!" त्यातच खेळात एक नवी मुलगी आली. हरणासारखी होती. सुंद्रीला दोघींच्या सावल्या शेजारी शेजारी दिसल्या आणि ती दोघींना पडणाऱ्या टाळ्या मोजू लागली.

खेळाचा मालक होता, त्याला सगळे नायक म्हणत. तो जवळ येऊन गोड आवाजात म्हणाला, "सुंद्राबाई, एक पाऊल मागं सरकता का, दिव्याकडं? लोकांचा आग्रह आहे."

"आणि पिठाची रेघ?"

"रेघ काय हो, आपलीच. तुमच्यापुरती मागं ओढू."

ती एक पाऊल सरकली. तिची सावली दीडपट झाली. मांडव टाळ्यांनी दणाणला, आणि नव्या मुलीची सावली तिच्यापुढं बाहुलीएवढी दिसली. सुंद्रीनं टाळ्या मोजणं सोडलं.

पण लोकांना मोठ्याचीही सवय होते. पुढच्या वर्षी पुन्हा ओरडा, पुन्हा एक पाऊल.

दिवा सांभाळायला दाजी नावाचा म्हातारा होता. तो वात सारखी करता करता म्हणाला, "पोरी, मोठी दिसतेस खरी. पण तुझं नाक कुठं गेलं? मघाशी पडद्यावर शोधत होतो."

"लांबून कोण नाक बघतंय, दाजी?"

"मी बघतो की."

"तुम्ही टाळ्या कुठं वाजवता? तुमचे हात तेलाचे," सुंद्री म्हणाली. दाजीनं हात पाहिले. खरंच तेलाचे होते.

मांडवाच्या खांबावर एक पाल राहायची. ती बोलायची. तुम्ही हसू नका. "सुंद्रे," ती म्हणाली, "मीही दिव्यापाशीच राहते. पण मी तिथं जेवायला येते. तू ज्या वाटेनं निघाली आहेस ना, त्या वाटेनं माझं जेवण येतं."

सुंद्रीनं तिला हुश् हुश् केलं. रागावू नका तिच्यावर. ज्याला रोज टाळ्या ऐकून झोप लागते, त्याला शांततेत भीती वाटते. तुम्हालाही वाटली असती. मला तर ही गोष्ट सांगताना तुम्ही जांभई दिलीत तरी वाटते.

मग राजाचा उत्सव आला. सारं राज्य मांडवात लोटलं. नवी मुलगी जुन्या रेघेवर उभी होती. सुंद्रीनं ठरवलं, आज असं मोठं व्हायचं की लोकांना दुसरं काही दिसताच कामा नये. ती मागं सरकत सरकत दिव्याला खेटून उभी राहिली. पदराचं टोक करपलं. पापण्या भाजल्या. तरी तिनं मान वळवली आणि दोन बोटांनी बट कानामागं सारली. आयुष्यात इतकी सुरेख तिनं कधीच सारली नव्हती. दाजीनं पाहिलं, म्हणून सांगतो.

अलीकडं मात्र सगळा पडदा काळा झाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त काळोख. लोकांनी डोळे चोळले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "दिवा गेला वाटतं."

"अहो, दिवा लावा कुणीतरी!" सगळा मांडव ओरडू लागला.

नायकानं सुंद्रीला हाताला धरून बाजूला केलं. पडदा उजळला आणि रेघेवरची मुलगी लख्ख दिसली. त्या रात्रीच्या टाळ्या तिच्या.

सुंद्री त्या दिवशी मागच्या वाटेनं गेली नाही. पदर न घेता ती पुढून, लोकांमध्ये आली. "मी सुंद्री," ती म्हणाली. "तुमची सुंद्री."

लोक हसले. वाईट हेतूनं नव्हे. "मावशी, सुंद्री केवढी होती माहीत आहे का? या मांडवाएवढी. तुम्ही घरी जा, दमलेल्या दिसता."

पुढं केस पांढरे झाले, तरी सुंद्री भाजीला जाई. गिरजाही म्हातारी झाली होती, पण गप्पा तशाच.

"आता कसला खेळ आणि कसलं काय," गिरजा म्हणे. "सुंद्री होती तेव्हा होता. पण तुला काय कळणार म्हणा."

आता सुंद्रीला हसू येत नसे. ती मेथीची जुडी उचले आणि निघे.

एकदा सकाळचं ऊन तिरपं आलं होतं. गिरजानं टोपल्यांवर धुतलेलं पांढरं धोतर झाकलं होतं. सुंद्री वाकली. बट गालावर आली, ती तिनं दोन बोटांनी कानामागं सारली. सावली धोतरावर पडली, माणसाएवढीच, पापणीसकट.

गिरजा बोलायची थांबली. आयुष्यात पहिल्यांदाच. तिनं चेहऱ्याकडं पाहिलं नाही, धोतराकडंच पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, जरा बस इथं उन्हात. आणि त्या मानेला दोडका म्हणाले होते मी, ते विसर."

तेव्हापासून सुंद्री रोज सकाळी तिथं येऊन बसू लागली.

तर लहानथोरांनो, बोध असा: माणूस मोठा दिसावा म्हणून त्याला दिव्यात लोटू नये, आहे तेवढाच त्याला नीट पाहावा.

आता खरं-खोटं वेगळं करून मोकळा होतो. पालीचं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं आहे ते गिरजाचं. ऊन तसंच होतं, धोतर तसंच होतं, आणि सावलीही तशीच सुरेख पडली होती. पण गिरजा तेव्हा पाठमोरी बसून जुड्या बांधत होती आणि खेळात आता काही राहिलं नाही म्हणून सांगत होती. तिनं वळून पाहिलं, हे मी पदरचं घातलंय.