सामाईक भिंत

पूर्वी कुंभवती नगरावर अरिमर्द राजाचा अंमल असताना बोधिसत्त्व तिथे एका गवंड्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव कर्दम. नगरातली निम्मी घरे त्याच्या आणि त्याच्या बापाच्या हातची होती. घरे एकमेकांना चिकटून, दोन घरांत मिळून भिंत एकच. म्हणून तिथे एक रीत होती. भिंतीत साधी खुंटी मारायची असली तरी आधी तीन ठोके द्यायचे आणि पलीकडून उलट ठोका आल्यावरच काम सुरू करायचे. ज्यांचे आपसात बोलणे नव्हते असे शेजारीही एवढे पाळत.

एका वर्षी तीनशे सशस्त्र बंडखोर नगरात शिरले. त्यांनी राजाचे अधिकारी मारले, वेशी आतून बंद केल्या आणि कोणालाही बाहेर पडू देईनात. राजाच्या सैन्याने बाहेरून वेढा घातला. लोकांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. सात महिन्यांत त्यांनी बियाणे खाल्ले, मग चामडे उकळून खाल्ले.

वेशी बंद झाल्या तेव्हा कर्दम नदीचा घाट बांधायला गेला होता, तो बाहेरच अडकला. त्याची एकुलती मुलगी पाटला नगरात, कोष्टी आळीच्या टोकाला सासरी होती.

शेवटी राजाला विजयाची घाई झाली. पण गल्लीत पाऊल टाकले की धाब्यांवरून बाण येत. सेनापती उग्रसेनाने कर्दमाला बोलावले.

"आम्ही घराघरांतून भिंती फोडत पुढे जाणार. कुठे फोडले तर छप्पर अंगावर येत नाही, ते तू सांगायचे."

"आणि मी नाही म्हटले तर, स्वामी?"

"तर हत्ती लावून आळी पाडीन. सुक्याबरोबर ओलेही जळते, त्याला माझा इलाज नाही."

कर्दम म्हणाला, "मी येतो. पण प्रत्येक भिंतीला आधी ठोके देईन, आणि आतली माणसे मागच्या मागे बाहेर काढू द्यायची."

सेनापतीने राजाच्या हुकमाने सूर्यास्तापर्यंतची मुदत दिली. त्यानंतर उरलेल्या आळीवर हत्ती जाणार होते.

तटाच्या खिंडारातून ते पहिल्या घरात शिरले. खिडक्यांतून बाण येत म्हणून त्या दिवसांत माणसे आतल्या सामाईक भिंतीलाच पाठ लावून बसत. सैनिकांना हे ठाऊक नव्हते. चौथ्या घरी एकाने उलट ठोक्याची वाट न पाहता पहार घातली. ती ओढली तेव्हा टोक लाल होते. पलीकडे एक म्हातारा कोष्टी टेकून बसला होता, तो जागच्या जागी गेला.

त्यानंतर कर्दमाने पहार दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नाही. भुकेलेल्या माणसांना भिंतीपासून सरकायलाही वेळ लागे. ठोके बंडखोरांनाही ऐकू जात. त्यामुळे दोन सैनिक बाण लागून पडले, आणि त्यांचे सोबती कर्दमाकडे डोळे वटारून पाहू लागले. त्यांचे काही चुकत नव्हते. कोणीच मरणार नाही असा मार्ग त्या नगरात उरलाच नव्हता.

सूर्य कलला तेव्हा पाटलाच्या घरापर्यंत आठ भिंती राहिल्या होत्या.

उग्रसेन हळू आवाजात म्हणाला, "कर्दमा, मलाही मुली आहेत. आता ठोके सोड. सरळ पहारी घालू आणि उजेड आहे तोवर तुझ्या लेकीला गाठू. मुदत वाढवणे माझ्या हातात नाही."

कर्दम भिंतीसमोर उभा राहिला. आठही भिंतींना पलीकडून कोणी ना कोणी टेकलेले असणार, हे त्याला ठाऊक होते. लेकीसाठी त्याचा जीव तीळ तीळ तुटत होता. मग त्याने तीन ठोके दिले आणि कान लावून थांबला.

पाच भिंती झाल्या आणि सूर्य बुडाला. हत्ती दुसऱ्या बाजूने आळीत शिरले. टोकाची घरे एकामागून एक खाली बसली.

सकाळी राजाने विजयाची भेरी वाजवली. बरेचसे बंडखोर सांडपाण्याच्या गटारातून आधीच निसटले होते. कर्दमाने ढिगारा उपसून पाटलाचे प्रेत बाहेर काढले. तिचा नवरा तिष्य याला बंडखोरांनी पाणी ओढायला नेले होते, तोही तिथे पोचला.

"मामा, तुम्ही किती लांब होतात?"

"तीन भिंती, जावईबापू."

"आणि ठोके देत बसलात? ती माणसं तुमची कोण लागत होती?"

कर्दम काही बोलला नाही. ती माणसे तिथेच उभी होती. त्यांची घरे त्यानेच फोडली होती, म्हणून त्यांच्यापैकीही कोणी बोलले नाही. तिष्याने त्यानंतर सासऱ्याचे तोंड पाहिले नाही.

जेतवनात भिक्षूंना ही कथा सांगून भगवान शास्ते थांबले. ऐकणाऱ्यांत एक नवा भिक्षू होता. त्याचे नगर नुकतेच लढाईत बेचिराख झाले होते आणि घरचे कोणी उरले नव्हते. शास्ते त्याला म्हणाले, "त्या वेळचा सेनापती आज आपल्या विहाराचे अंगण झाडतो. राजा अजून जन्मोजन्मी युद्धे जिंकत हिंडतो आहे. तिष्य तू होतास, आणि कर्दम मी."

भिक्षूने विचारले, "भंते, तेव्हा दिले नाही ते उत्तर आता तरी द्याल?"



"त्या जन्मी मी जे पाळले, त्याला करुणा म्हणतात," शास्ते म्हणाले. "तिने आपली पाटला वाचवली नाही."