उकिरड्यावरचा अडुळसा

घ्या पांघरूण, आणि ऐका. डोंगराखाली एक वाडी होती. तिथं दोन जावा भिंतीला भिंत लावून राहायच्या. थोरली धुरपा, धाकटी ठकू. ठकूनं माहेराहून येताना ओटीत अडुळशाची काडी आणली, परड्यात खोचली. काडीचं झालं झुडूप.

मग काय, वाडीत कुणी खोकलं की ठकूच्या दारात. ती पानं वाफवायची, पिळायची, रस मधात कालवून चाटवायची. खोकला पळायचा. बाया म्हणायच्या, "ठकूच्या हाताला गुण आहे हो." भिंतीआड धुरपाच्या पोटात दुखायचं. थोरली ती, आणि उंबरा झिजतो धाकटीचा.

मग धुरपानं झुडपावर शेळी सोडली. शेळीनं वास घेतला, शिंकली, माघारी आली. शेळी अडुळसा खात नाही, बरं का, म्हणून तर तो कुंपणाला लावतात. मग तिनं उकळती पेज ओतली. झुडपानं मान टाकली, आणि दुप्पट फुटलं. मग मात्र ठकू पाण्याला गेलेली बघून तिनं झुडूप मुळासकट उपटलं, कोयत्यानं तोडून आपल्या उकिरड्यावर फेकलं. ठकू रडली, पण कुणाचं नाव घेतलं नाही.

आणि काय झालं, उकिरड्यावर काड्यांना पानं फुटली. धुरपा हरखली. आता गुण माझ्या हाताला.

तेवढ्यात तिच्याच लेकीला, चिमीला, खोकला लागला. असा, की पोर निळी पडायची. धुरपा पान तोडायला गेली, तर पान मिटलं, पापणीसारखं. दुसरं मिटलं. सगळं झुडूपच मिटून काटकी झालं.

मग ती चिमीला कडेवर घेऊन ठकूच्या दारात गेली. "ठके, तुझं झाड मी उपटलं. आता ते मला पान देत नाही."

ठकूनं आधी चिमीच्या छातीला कान लावला. मग म्हणाली, "जाऊबाई, आदल्या सांजेला आवतण दिलंत का?"

"झाडाला कसलं आवतण?"

"हळदकुंकू लावायचं, तांदूळ ठेवायचे, पान कुणासाठी हवं ते सांगायचं. खरं सांगायचं. त्याला कळतं."

त्या सांजेला धुरपानं हळदकुंकू लावलं, तांदूळ ठेवले. म्हणाली, "मला दे." झाड हललं नाही. "थोरली आहे मी, ठकूच्या आधी मला दे." झाड आणखी आक्रसलं. आत चिमी खोकली. "चिमीसाठी दे रे बाबा," ती म्हणाली, आणि झाडापुढं डोकं टेकलं.

सकाळी बघते तर झाड उघडलेलं, पानापानावर दव. रस ठकूनं पिळला, मध धुरपानं चाटवला. चिमी बरी झाली. धुरपानं आपल्या हातानं एक काडी ठकूच्या परड्यात खोचली.

मग दोन्ही दारांत माणसं यायची. ठकूच्या दारात चार जास्त दिसली की धुरपाच्या पोटात अजून दुखायचं, थोडंसं. पण कोयता आढ्यालाच राहिला. सगळी सुखानं नांदली. आता त्या पानांसारख्या पापण्या मिटा, आणि सकाळी उघडा.