कानांचं माप

माळावरचं गवत सशांच्या डोक्याच्याही वर वाढायचं, त्या काळची गोष्ट. लांडग्याशी लढायला सशांच्या राजाने कासवाकडून लोखंडी टोप घडवून घेतले. टोप आले आणि सगळा माळ आनंदाने उड्या मारू लागला. कान तेवढे आत दुमडून कोंबावे लागत.

पहारेकरीण लवंगी म्हणाली, "महाराज, यात लांडग्याची चाहूल लागत नाही."

टोप घातलेला राजा हसून म्हणाला, "तुलाही शोभतोय हो!"

लवंगीने टोप काढून ठेवला. म्हणूनच संध्याकाळी गवत सळसळलेलं तिला कळलं. ती ओरडली, पण कुणालाच ऐकू गेलं नाही. मग तिने पाय असे आपटले की जमीन हादरली आणि ससे झुडपांत पळाले.

सकाळी राजाने कासवाला गाठलं. "माप कुणाचं घेतलं होतंस?"

"माझंच," बिनकानाचं कासव म्हणालं. "तुम्ही तरी कुठे एखादा ससा पाठवलात?"