महाराजांचे शंभर गुण

गायनस्पर्धेत महाराज पहिले यायला हवे होते, आणि निकाल प्रामाणिकही हवा होता. कुंभोरी संस्थानात या दोन गोष्टी एकत्र कोणी पाहिल्या नव्हत्या, कारण महाराज गाऊ लागले की तबेल्यातली घोडी दावणी तोडत.

गेल्या वर्षी दिवाणांनी स्प्रेडशीटसाठी एक मॅक्रो, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहून स्वतःचं फंक्शन तयार केलं. नाव ठेवलं ‘गुण’. सेलमध्ये बरोबरचं चिन्ह, पुढे ‘गुण’, कंसात गायकाचे सूर, की उत्तर हजर. फक्त मॅक्रोच्या पोटात एक ओळ होती : नाव महाराजांचं असेल तर शंभर. पाहुणे आलेल्या शेजारच्या राजेसाहेबांनी ती उघडून भर दरबारात मोठ्याने वाचली. दिवाण तेव्हापासून तीर्थयात्रेला आहेत.

यंदा काम येसूवर आलं. ती दरबारातले तंबोरे जुळवी आणि सूर मोजणाऱ्या यंत्राची नोंद शीटमध्ये ठेवी.

“सगळ्यांना एकच फंक्शन,” महाराज म्हणाले. “त्यात माझं नाव नको. हाताने एकही गुण भरायचा नाही. आणि पहिला मीच. नाहीतर दिवाणांना सोबत हवीच आहे.”

“एकच मागणं, महाराज. सगळ्यांत आधी आपण गावं.”

“तो मानच आहे आमचा.”

महाराज गायले. यंत्राने त्यांचे सूर शीटच्या पहिल्या ओळीत टिपले. मग तीच चीज सोळा गवई गायले. येसूने एका सेलमध्ये नवं फंक्शन घातलं आणि खालपर्यंत ओढलं. महाराज पहिले, शंभरपैकी शंभर! शेवटी अकरा गुणांवर म्हातारे दाजीबा, ज्यांच्या गाण्याने दरबार अजून डोळे पुसत होता.

यंदाही पाहुणे आलेल्या राजेसाहेबांनी उत्साहाने मॅक्रो उघडला. महाराजांचं नाव कुठेच नव्हतं.

“हे करतं तरी काय?”

“पहिल्या ओळीतल्या सुरांशी तुलना, सरकार. जितका फरक, तितके गुण कमी. पहिल्या गवयाचा स्वतःशी फरक शून्य निघतो, त्याला माझा इलाज नाही.”

“आणि दाजीबा शेवटचे कसे?”

“महाराजांच्या गाण्याशी त्यांचं अजिबात जुळत नाही.”

दरबारी आपापल्या पायांकडे पाहू लागले.

“म्हणजे ही यादी खालून वाचायची?” राजेसाहेबांनी विचारलं.

“निकाल आमचा, सरकार. वाचायचा कुठून, ते पाहुण्यांनी ठरवावं.”

महाराजांच्या मिशा थरथरल्या. मग ते असे हसले की पगडी सावरावी लागली.

“येसू, यादी मी वरूनच वाचणार. बक्षीस मात्र खालून वाटा.”

शालजोडी दाजीबांच्या खांद्यावर पडली, आणि महाराजांच्या मनगटातलं सोन्याचं कडं येसूच्या हातात.