निखारे काढल्यावर

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. डोंगरातल्या एका राज्यात राजधानीच्या वरच्या अंगाला एक मोठे तळे होते. तळ्याचा दगडी बांध पाथरवटांनी बांधला होता, पण राजीखुशीने नव्हे. म्हाताऱ्या राजाने त्यांना वेठीला धरले होते. वीस वर्षे ते दगड फोडत राहिले. मजुरी नाही, पोटभर अन्न नाही. कितीतरी जण घरी परतलेच नाहीत.

म्हातारा राजा वारला. दूरदेशी शिकायला गेलेला त्याचा मुलगा परत आला आणि गादीवर बसला. पहिल्याच दिवशी त्याने दवंडी पिटवली, "आजपासून वेठ बंद!" अन्याय संपला, असे त्याला मनापासून वाटले.

वर्ष गेले. ऐन उन्हाळ्यात बांधाला मोठी भेग पडली. पाऊस महिन्यावर आला होता. भेग बुजली नाही तर राजधानीची खालची आळी वाहून जाणार होती, आणि ती बुजवणे पाथरवटांनाच जमणार होते. राजाने निरोप धाडला, दुप्पट मजुरी कबूल केली. एकही जण आला नाही.

मग तो एकटाच घोड्यावर बसून त्यांच्या वाडीत गेला. त्याला पाहताच एकेक दार लागत गेले. एक म्हातारी तेवढी अंगणात शेगडीपाशी बसून राहिली. शेगडीवर शंखजिऱ्याच्या मऊ, करड्या दगडाचा जाड तवा होता. खाली कोळशाचे दोनच निखारे होते.

"आजी, मला पाथरवटांशी बोलायचे आहे."

"बोल की. दारांना कान आहेत," म्हातारी म्हणाली. "पण आधी बस. आमच्या वाडीतून कोणी उपाशी जात नाही. तुझ्या बापाच्या बांधावरून मात्र रोज जायचे."

राजा मान खाली घालून बसला. म्हातारी मधूनमधून एकेक निखारा वाढवत होती.

"अशाने तवा कधी तापायचा?"

"घोडा दामटता येतो रे, दगड नाही. एकदम जाळ लावला तर तडकतो."

बऱ्याच वेळाने तिने तव्यावर तेल पुसले आणि हळद-मीठ लावलेले नदीतले मासे टाकले. ते खरपूस भाजले गेले. जेवता जेवता राजा बोलला, "आजी, वेठ मी बंद केली. मी कोणाच्या पाठीवर कोरडा ओढला नाही. मग राग माझ्यावर का?"

म्हातारीने चिमट्याने सगळे निखारे काढले आणि राखेत पुरले. मग तव्यावर आणखी एक मासा ठेवला. तो चुरचुरू लागला.

"विस्तव कुठे आहे, राजा?"

"विस्तव नाही. पण दगड तापलेला आहे."

"वीस वर्षे तापलाय. तू निखारे काढलेस, चांगले केलेस. आता निवायला वेळ लागणार."

"वेळच तर नाही माझ्याकडे!" राजा ताडकन उठला. "निववायचाच असेल तर असा निववता येतो!" आणि त्याने शेजारची पाण्याची घागर तव्यावर उपडी केली.

वाफ उसळली. काडकन आवाज झाला. तव्याचे दोन तुकडे झाले.

दारे उघडली. म्हातारीने हात पोळत असतानाही एक तुकडा उचलून पदरात घेतला.

"माझ्या लेकाने घडवला होता," ती म्हणाली. "बांधावर जाण्याआधी."

राजा तिच्यासमोर खाली बसला. "आजी, मी... मी भरपाई देतो."

"कशाची?" एका दारातून कोणीतरी विचारले.

राजाने राजधानीला निरोप पाठवला की खालच्या आळीतल्या सगळ्यांना टेकडीवर हलवा. स्वतः तो वाडीतच राहिला. रोज एकेका उंबऱ्याशी बसून विचारू लागला, "तुमच्या घरातले कोण परतले नाही?" कोणी शिव्या दिल्या, कोणी तोंडावर दार लावले, कोणी सांगता सांगता रडले. राजा ऐकत राहिला. दुपारी तो बांधावर जाऊन आपल्या हातांनी दगड वाहू लागला. महिनाअखेरीस तीन पाथरवट त्याच्या मदतीला आले. तिघेच.

तेवढ्याने भेग बुजली नाही. पावसात बांध फुटला आणि खालची आळी वाहून गेली. माणसे वाचली, पण घरे, धान्य, गुरे गेली. लोकांनी राजाला दोष दिला आणि त्याने तो मुकाट्याने घेतला. त्यानंतरही तो वाडीत जात राहिला. चौथ्या वर्षी, कोणी बोलावले नसताना, सगळे पाथरवट छिन्नी-हातोडे घेऊन तळ्यावर आले आणि त्यांनी नवा बांध घातला.

अन्याय एका दिवसात थांबवता येतो. पण तो ज्यांनी सोसला, त्यांच्या मनातली धग निवेपर्यंत त्यांच्यापाशी बसून राहावे लागते.