मनोऱ्याचा कर

सोनवळ्याचा राजा भानुराज आईच्या जाण्याने फार खचला होता. तिच्या स्मरणार्थ त्याने उंच मनोरा बांधायला काढला आणि त्यासाठी प्रत्येक हातमागावर नवा कर बसवला. तो इतका जड होता की विणकर माग मोडून परमुलखात निघाले.

राजाची थोरली बहीण मैनावती भर दरबारात म्हणाली, "महाराज, हा कर मागे घ्या."

राजा चिडला. "कर कुणाला आवडतो, आक्का? प्रजा आनंदाने देईल असा एक तरी कर दाखवा. मग मनोरा थांबवतो."

दुसऱ्या दिवशी ती त्याला नदीच्या घाटावर घेऊन गेली. नावेतून उतरलेल्या एका म्हातारीने नावाड्याच्या हातावर पैसे ठेवले आणि म्हणाली, "सुखी राहा, बाबा."

"हे तर नावेचं भाडं झालं," राजा म्हणाला.

"हो. तो पैसे घेतो आणि माणसाला पैलतीरी पोचवतो. तुमचा मनोरा कुणाला कुठे पोचवणार?"

राजा हळूच म्हणाला, "मग आईची आठवण कशी राहील गं?"

मैनावतीने त्याचा हात धरला. "भानू, पुरामुळे वैद्य पलीकडे अडकले, म्हणून आई गेली. इथे पूल बांध."

मागांवरचा कर त्याच दिवशी उठला. पुलाचा खर्च त्यावरून जाणाऱ्या मालाच्या गाड्यांकडून थोडाथोडा वसूल झाला, आणि कुणी कुरकुरले नाही. पुढच्या पुरात एका विणकराची सून अडली, तेव्हा पलीकडची सुईण पुलावरून वेळेत आली. मुलगी झाली. घरच्यांनी तिला राजमातेचं नाव ठेवलं.