लाल माती, करडी माती

"पण एक तरी वाचला असेल ना, बाई?"

निनाद चालता चालता विचारत होता. दमयंतीबाईंचं सगळं लक्ष पाय नीट टाकण्याकडे होतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या एका उजाड माळावर गुरू आणि शिष्य खडक तपासायला आले होते. समोरच्या डोंगरउतारावर खाली करड्या मातीचा थर होता, वर लाल मातीचा. करडा थर साचून लाल साचू लागला त्या काळात, पंचवीस कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवरचे बहुतेक जीव मरून गेले.

करड्या मातीत एका प्राण्याची हाडं सापडत. डुकराएवढा, कासवासारखी चोच, दोन सुळे. लाल मातीत मात्र तो बाईंना कधीच सापडला नव्हता. एक जरी सापडला असता, तरी म्हणता आलं असतं की त्या संहारातून कुणीतरी पार झालं.

बाईंचा सारा जन्म त्या एकाला शोधण्यात गेला. पुढच्या वर्षी त्या येणार नव्हत्या. गुडघे आता उतार चढू देत नव्हते.

त्या पायथ्याशी गाडीच्या सावलीत बसल्या. रोजच्यासारखा निनाद एकटाच वर गेला.

दुपारी तो धावत खाली आला. अंगातला शर्ट काढून त्यात काहीतरी गुंडाळलं होतं.

"डोळे मिटा, बाई."

"या वयात डोळे मिटायला सांगू नये रे. उघडायचे राहून जातात."

तो हसला. त्याने गाठोडं सोडून त्यांच्या मांडीवर कवटी ठेवली. अख्खी कवटी. दोन्ही सुळे जागच्या जागी.

"कॉलेजात म्हणतात, निनादला नुसते मार्क मिळतात, हातोडी धरता येत नाही. आता बोला म्हणावं."

बाईंचा हात कवटीवरून फिरला. डोळ्याच्या खोबणीत त्यांनी बोट घातलं. बाहेर काढून नखाकडे पाहिलं. दुसऱ्या खोबणीत घातलं. पुन्हा पाहिलं.

"हिला चिकटलेली माती कुठे आहे?"

"सकाळीच काढली ना. छिन्नीने खरवडली, ब्रशने घासली. प्यायचं सगळं पाणी धुण्यात संपवलं. तुमच्या हातात द्यायची, तर तशीच कशी आणणार?"

"कुठे मिळाली?"

"दोन्ही माती जिथे एकमेकींत मिसळतात ना, तिथेच. एका घळीत."

"खूण केलीस?"

"आनंदात राहून गेलं," तो म्हणाला. "पण सापडेल. आत्ता दाखवतो."

तो वर गेला. बाई खालून पाहत राहिल्या.

एका घळीत तो वाकला. मग शेजारच्या. मग परत पहिल्या. सगळ्या घळी सारख्याच होत्या, आणि इतक्या दिवसांत प्रत्येकीत त्याच्याच छिन्नीचे घाव झाले होते. काही ठिकाणी तो गुडघ्यांवर बसला, हातांनी उकरलं, उठला.

ऊन कलल्यावर तो खाली आला. चेहरा उतरला होता.

बाईंनी त्याचा शर्ट मांडीवर पसरला होता. त्यावर उतारावरची धूळ होती. लाल होती, करडीही होती.

"माती कोणत्या रंगाची होती, निनाद?"

"लाल."

बाईंनी शर्टावरून मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"खरंच, बाई. मला लालच आठवते."

"आठवते, की हवी आहे?"

तो जमिनीकडे पाहत राहिला. दूर कुंपणापलीकडे मेंढ्या ओरडत होत्या.

"हवी आहे," तो म्हणाला.

"मलाही."

तो त्यांच्याजवळ उकिडवा बसला. आवाज अगदी खाली आला होता.

"मग लालच लिहू या ना. कुणाला कळणार आहे? तुम्ही इतकी वर्षं... तुमच्यासाठी तरी."

बाईंनी कवटी उचलली आणि त्याच्या ओंजळीत ठेवली. त्याच्या हातांखाली आपले हात धरले. तिचं वजन दोघांच्या हातांवर येईपर्यंत धरून ठेवले.

"लिही," त्या म्हणाल्या.

त्याने हात सोडवले नाहीत. पेन खिशातच होतं.

"नाही लिहिता येत," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "बाई, मग हा वाचला होता की नव्हता?"

बाई उताराकडे पाहत होत्या. तिथे आता लाल कुठली आणि करडी कुठली, ते दिसत नव्हतं.

"सकाळपर्यंत वाचला होता."